‘धोटा’ : तालमीची वही

१६ एप्रिल

नारळ फुटला. हॉल शाळेचा, संध्याकाळी सातनंतर दोन तास आपला. पंखे दोन, त्यातला एक वारा देतो आणि दुसरा नुसता आवाज. दिवसभर भिंती इतक्या तापलेल्या की रात्री आठला पाठ टेकली तरी तव्याला टेकल्यासारखं होतं.

एकांकिका आपल्याच लेखकाची. संहिता ३४ पानं, माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात टाइप झालेली, त्यामुळे तिच्यातला स्वल्पविराम न् स्वल्पविराम मला ठाऊक. प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की पुढचा शब्द देणारी, मीच. दिग्दर्शक सरांनी ही वहीही माझ्याच गळ्यात घातली. वहीत खरी नावं नकोत असं ठरलंय, ज्याचं जे काम त्यावरूनच लिहीन.

गोष्ट एवढीच. सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं घर. नरसय्या, वय ६८, चाळीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणलेला माणूस. पुढच्या खोलीत स्वतःचे दोन माग, वर्षभर बंद. मुलगा पुण्याला नोकरी धरतोय, सून विड्या वळते. नरसय्या चार दिवस नात्यातल्या लग्नाला जातो आणि मुलगा दोन्ही माग भंगारात घालतो. बाप परत येतो ती रात्र म्हणजे आमचं नाटक. बापाचं वाक्य: ‘विकलेस? बरं केलंस.’ आणि त्यामागून दीड पानाचं स्वगत.

नरसय्या करणारे काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. आवाज असा की घंटी न मारता बस थांबावी. वाचनात ‘बरं केलंस’ला त्यांनी आवंढा गिळला, स्वगताला डोळ्यांत पाणी आणलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर टपरीवर सर मला हळूच म्हणाले, ‘‘काका रडून मोकळे झाले. नरसय्या अजून लग्नाहून आलाच नाही.’’

१९ एप्रिल

आज कुणी उभंच राहिलं नाही. सरांनी प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि सांगितलं, तुमच्या माणसाबद्दल संहितेत जे आहे तेवढंच लिहा, पान क्रमांकासकट. ‘नरसय्या कष्टाळू आहे’ हे खोडलं. ‘नरसय्या दारात आल्यावर चप्पल काढायच्या आधी खोलीत डोकावतो, पान ६’ हे ठेवलं.

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की याला ‘दिलेली परिस्थिती’ म्हणायचा. कोण, कुठे, किती वाजता, आत्ताच काय घडून गेलंय. त्याचं मॉस्को आर्ट थिएटर निघालं १८९८ साली आणि हा गृहस्थ १९३८ मध्ये वारला. मधली चाळीस वर्षं नटाने रोज रात्री ताजं कसं राहायचं याच एका प्रश्नाशी तो झुंजत होता. त्याचं दुसरं हत्यार म्हणजे ‘जर’. या परिस्थितीत जर मी असतो, तर काय केलं असतं? ‘‘काय वाटलं असतं असं नाही विचारायचं,’’ हे सर तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा काकांकडे बघून.

कागद भरता भरता संहितेतली भोकं दिसायला लागली. रात्रीचे वाजलेत किती? कुठेच नाही. सून एवढ्या रात्री जागी का? लेखक म्हणाला, ‘‘सासऱ्यांची वाट बघतेय.’’ मुलगा करणारा म्हणाला, ‘‘पहाटे पाणी येणार असेल.’’ हशा झाला, पण सोलापुरात चार-पाच दिवसांनी येणारं पाणी ज्या रात्री यायचं, त्या रात्री कुठलं घर निवांत झोपतं? सुनेला एका झटक्यात काम मिळालं. आता ती विड्या वळता वळता नळाकडे कान लावून असेल. दाराकडे बघत उसासे टाकायचे होते, ते वाचले.

लेखक थोडा नाराज. त्याच्या मते वाट बघण्यात काव्य होतं.

२३ एप्रिल

काकांनी आज नरसय्याला बोली लावून आणली. ‘ते बाई आला’, ‘मी तिकडं गेली होती’, असली. पोरं पोट धरून हसली. दिवे बघणारा आमचा मुलगा तेवढा हसला नाही. त्याचं घर साखर पेठेत, घरात तेलुगू.

सरांनी विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘माझे आजोबा घरात कधी चुकले नाहीत, सर. घरात ते तेलुगूच बोलायचे. चुकायचे ते तुमच्यासमोर.’’

पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मग सर म्हणाले, ‘‘मग हे नाटक मराठीत नाहीच. हे तेलुगूत आहे, आपण फक्त मराठीत ऐकतोय.’’ म्हणजे घरातल्या घरात नरसय्या अस्खलित. भरभर, म्हणी घालत, सुनेची फिरकी घेत. अडखळणं फक्त पान १९ वर, जिथे तो भंगारवाल्याला फोन लावतो. तिथेही लिंग चुकवायचं नाही. वाक्यं आखूड होतील, दर दोन शब्दांनंतर ‘काय?’ येईल आणि समोरच्याच्या शब्दांतलाच एखादा शब्द उचलून तो परत देईल. परक्या भाषेत माणूस असाच चालतो, अंधारात भिंत चाचपत. तेलुगू शब्द दोनच ठेवले, ‘नायना’ म्हणजे बाप आणि ‘बिड्डा’ म्हणजे लेकरू. मुलगा मित्राशी फोनवर बोलतो तेव्हा मात्र आपलं नेहमीचं, ‘काय करलालास बे’.

दिवेवाल्याला मी चहा पाजला. त्याने एका वाक्यात जे केलं त्याला मला चार पानं लागली असती.

२६ एप्रिल

ऊन चढायच्या आत, सकाळी आठलाच एका कारखान्यात गेलो. बारा माग, टॉवेलचे. दारात पाय ठेवला आणि काका काही तरी म्हणाले, ते मला फक्त दिसलं. ऐकू आलं नाही. आवाज नव्वद डेसिबलच्या वरच असणार. आपण ‘खटखट’ म्हणतो ती एका मागाची. बारांची खटखट राहत नाही, बरगड्यांत बसते.

आत कुणी कुणाला हाक मारत नाही. खांद्यावर टिचकी, भुवई, दोन बोटं. बोलायचंच झालं तर कानाला तोंड, नाही तर समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघायचं. एका कामगाराचा धागा तुटला. त्याने माग थांबवला, टोक शोधलं, गाठ मारली, शेपटी कात्रीने उडवली, दांडा ओढला. मी मनात सात मोजेपर्यंत माग चालू. आणि गाठ मारताना त्याचे डोळे गाठीवर नव्हतेच, ते शेजारच्या दुसऱ्या मागावर होते. काकांनी मला कोपराने ढोसलं. त्यांनाही तेच दिसलं होतं.

बाहेर चहाला मालकांच्या ओळखीचे एक आजोबा भेटले, जुने विणकर. त्यांनी घरून धोटा आणला होता, मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, वर्षानुवर्षं हाताळून मधासारखा गुळगुळीत. त्यात सुताची कांडी बसवली, धाग्याचं टोक भोकाशी नेलं आणि भोकाला ओठ लावून आत ओढलं. सुर्र. धागा पलीकडे. हे त्यांनी बोलता बोलता केलं, आपण चष्मा पुसावा तसं. काकांनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा ठसका.

आजोबा तीन फुटांवरून ओरडून बोलत होते. आपले काकाही तसलेच. दोघं एकमेकांना कांडी कशी भरतात ते समजावत होते आणि रस्त्यावरचा एक सायकलवाला भांडण समजून थांबला. घरी येऊन संहिता काढली. पान ११, पान १४, पान २२, तिन्हीकडे कंसात ‘(ओरडून)’ आणि काका तिन्हीकडे चिडतात. नरसय्या चिडलेलाच नसेल तर? चाळीस वर्षं शेडमध्ये राहिलेल्या माणसाचा साधा आवाजच तो असेल तर?

आजोबांनीही आपले माग विकलेत, भंगारातच. मी विचारलं, वाईट वाटलं असेल ना? त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. शब्द पोचले, प्रश्न पोचला नाही बहुतेक. म्हणाले, ‘‘टेम्पोत बसून काट्यावर गेलो की. नाही तर वजनात मारतेत.’’

३० एप्रिल

सून करणारी विडी घरकुलात, विडी कामगार बायकांच्या वसाहतीत, दोन दुपारी बसून आली. जुळे सोलापूरची पोरगी, बी.एड. करतेय, विडी तिने फक्त लोकांच्या तोंडात पाहिलेली. पान भिजवून ओल्या फडक्यात ठेवतात, पत्र्याच्या मापावर कात्रीने कापतात, सूप मांडीवर, तंबाखू चिमटीत, वळायचं, टोक नखाने मुडपायचं, दोरा. पंचवीसचं बंडल. दिवसाला हजार वळणाऱ्या बायका आहेत. तिच्या दोन दुपारी मिळून सत्तर झाल्या, त्यातल्या बऱ्याच तिथल्या मावशींनी उकलून पुन्हा वळल्या.

तिने आणलेली खरी वस्तू वेगळीच. त्या बायका भांडतात, हसतात, कुणाच्या सासूची नक्कल करतात, पण वर बघत नाहीत. मान वर केली की विडी गेली. म्हणून जेव्हा एखादी मान वर करते, तेव्हा सगळ्यांचे हात थांबतात. आता आमच्या नाटकात सून एकदाच वर बघणार आहे. कुठे, ते अजून ठरलं नाही.

३ मे

आजची तालीम वाईट.

सरांनी सुनेला शेवटच्या प्रवेशासाठी स्वतःच्या आयुष्यातला एखादा वियोग आठवायला सांगितलं. तिने वडिलांची आठवण काढली. रडली, खरंच रडली, आणि मग तिला एकही वाक्य सुचेना. मी पुढचा शब्द दिला तर माझ्याकडे अशी बघितली की मला वहीत तोंड घालावंसं वाटलं. तालीम तिथेच थांबली.

सर प्रामाणिक माणूस, चूक मान्य केली. मग त्यांनीच सांगितलं की या भावस्मृतीच्या प्रकाराने अमेरिकेतल्या नटांचे असेच हाल केले होते. स्टेला अ‍ॅडलर नावाची नटी १९३४ मध्ये पॅरिसला खुद्द स्तानिस्लावस्कीला भेटली, कित्येक दिवस त्याच्याबरोबर काम केलं आणि परत जाऊन आपल्या मंडळींना सांगितलं की म्हाताऱ्याचा भर आता आठवणींवर नाही. परिस्थिती बघा, कृती बघा, कल्पना वापरा. त्या मंडळींना शिकवणाऱ्या ली स्ट्रासबर्गला ते पटलं नाही आणि दोघांचं फाटलं ते फाटलंच. मला यात आवडलं ते एवढंच, की म्हातारपणी स्तानिस्लावस्कीने स्वतःचंच जुनं म्हणणं बाजूला सारलं.

सुनेला घरी सोडून आले. वाटेत पार्क चौपाटीवर भजी खाल्ली. आठवणीचा विषय दोघींनीही काढला नाही.

५ मे

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. या उन्हात झेरॉक्स काढायला कोण येतो. संहितेची फाइल उघडली आणि माझ्या जबाबदारीवर एक उद्योग केला. सगळे कंस काढून टाकले. (गदगदून), (चिडून), (डोळ्यांत पाणी), (उपरोधाने), (खिन्न हसत). एकूण ६१ निघाले. मग टिंबं काढली, कारण लेखकाच्या हातच्या प्रतीत ते वाक्य ‘बरं… केलंस!’ असं होतं. तीन टिंबं आणि एक उद्गारचिन्ह, म्हणजे नटाला पानातच दम लागलेला. ते साधं ‘बरं केलंस.’ केलं. पाणी पितो, चप्पल काढतो, बंडल बांधते, हे कंस ठेवले.

संध्याकाळी नवी प्रत वाटली. लेखकाने चाळली आणि म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही माझं नाटक नागडं केलंत.’’ सर म्हणाले, ‘‘कपडे नट घालतील.’’ लेखक हसला नाही.

पण वाचन काय झालं! काका ‘बरं केलंस’शी येऊन अडखळले. कसं म्हणायचं ते पानावर नव्हतं. त्यांनी मुलाकडे बघितलं, काही तरी मिळेल म्हणून. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बघितलं.

८ मे

काका उभे राहिले की बस चालू असते. पाय फाकवलेले, गुडघे सैल, एक हात वर दांडी शोधतो. तीस वर्षांची सवय, त्यांना स्वतःला माहीतच नाही. सरांनी मोबाइलवर चित्रण करून दाखवलं तेव्हा खुर्चीत मागे पडून हसले.

विणकराचा भार पुढे असतो, मागाच्या आडव्या दांड्यावर कंबर टेकलेली, खांदे थोडे आत, मान एका बाजूला. शाळेचा बाक आडवा टाकून काका अर्धा तास नुसते तिथे वाकून उभे राहिले. वाक्यं नाहीत. हातात दोरा, तुटका, जोडायचा, पुन्हा तोडायचा, पुन्हा जोडायचा. नंतर सर म्हणाले, आता ‘सून, पाणी दे’ एवढंच म्हणा. काकांनी म्हटलं, मान न वळवता, जरा जास्तच मोठ्याने. माझ्या अंगावर काटा आला. भांड्यातलं पाणी घेतानाही हात बाकावरून सुटला नाही.

१४ मे

हे नीट लिहून ठेवते.

संहिता बंद करून प्रवेश करायचा असं सरांनी ठरवलं. मला म्हणाले, प्रॉम्प्ट करायचं नाही, कुणी मेला तरी. परिस्थिती तीच. काका लग्नाहून आले, हातात बुंदीची पिशवी. सूनबाई सुपावर. मुलगा दारात. खोली रिकामी, म्हणजे आमचा बाक उचलून नेलेला.

काका दारातून आत डोकावले. चप्पल तशीच. पिशवी खाली ठेवली नाही. बाक होता तिथे जाऊन उभे राहिले आणि पायाने जमीन चाचपली. मागाचे पाय जिथे रोवलेले असतात तिथे खड्डा राहतो, तो त्यांच्या पायाला सापडला. आमच्या फरशीवर खड्डा नाही, पण मला दिसला.

‘‘विकलेस?’’

‘‘हो, नायना.’’

आणि काका काहीच बोलेनात. दोरा होता खिशात, तो बोटांत आला. मुलगा करणाऱ्याला घाम फुटला; तो औषध कंपनीचा प्रतिनिधी, गप्प बसणं त्याच्या धंद्यात बसत नाही. तो काही तरी सांगायला लागला, हप्ता, पुण्याची खोली, डिपॉझिट. काकांनी ऐकून घेतलं, तोंडाकडे बघत. मग एकदम, त्या मोठ्या आवाजात:

‘‘काट्यावर तू होतास का?’’

मुलगा गडबडला. ‘‘होतो. स्वतः गेलो होतो. वजन बघूनच पैसे घेतले.’’

‘‘बरं केलंस.’’

सुनेने वर बघितलं. ठरवून नाही. हात थांबले आणि वर बघितलं.

सरांनी थांबवलंच नाही. काका जमिनीवर बसले, बुंदीची पिशवी सोडली, मुलाच्या हातावर बुंदी ठेवली. त्यापुढे दीड पानाचं स्वगत होतं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी पान धरून बसले होते, बोट ‘या धाग्यांत माझा घाम’ या ओळीवर.

महिनाभर आम्ही ‘बरं केलंस’ला कढ आणत होतो, टोमणा आणत होतो, क्षमा आणत होतो. ते वाक्य माग विकल्याबद्दल नव्हतंच. पोरगा काट्यावर हजर राहिला, फसला नाही, याबद्दल होतं. बाकीचं सगळं त्याच्या पोटात आपोआप गेलं.

१७ मे

लेखकाशी मोठं भांडण. दीड पान जाणार म्हटल्यावर तो उठूनच गेला. त्याचंही खरं आहे. ते स्वगत त्याने वडिलांवरून लिहिलंय, मी टाइप करताना दोनदा थांबले होते. ‘‘नटाला सुचलं म्हणून लेखकाने पुसायचं?’’ त्याचा प्रश्न चुकीचा नाही. नट मंडळींना स्वतःच्या सुचण्याचं फार कौतुक असतं, आणि दहातल्या नऊ वेळा ते सुचणं म्हणजे टाळीची जागा असते, हे मी विंगेतून वीस वर्षं बघतेय.

पण मुदत डोक्यावर आहे. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, पाठवायची तर काय म्हणायचं आणि काय नाही ते कागदावर पक्कं हवं. प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेत मागाहून वाक्यं घुसडता येत नाहीत.

रात्री साडेदहाला लेखक दुकानाचं शटर वाजवून आत आला. स्वगत त्याने स्वतः काढलं. त्यातली एकच ओळ ठेवली आणि ती सुनेला दिली, विड्यांचं बंडल बांधताना म्हणायला. मग काकांचं ‘काट्यावर तू होतास का?’ मी टाइप करायला घेतलं तर म्हणाला, ‘‘थांबा. ‘का’ काढा.’’ ‘काट्यावर तू होतास?’ जास्त बरं आहे. लेखक तो लेखकच.

आता पानं २७.

२४ मे

अपेक्षेप्रमाणे वाक्य मेलं. १४ तारखेला जे घडलं ते काका आता करून दाखवतात. त्याच जागी थांबतात, तेवढंच थांबतात, पाय त्याच फरशीवर. बेअरिंग, म्हणजे भूमिकेचा पवित्रा, आहे, माणूस नाही.

सरांनी सॅनफर्ड माइस्नर या अमेरिकन अभिनय-शिक्षकाचा एक व्यायाम घेतला. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने एक वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने तेच परत, पहिल्याने पुन्हा तेच. ‘तू होतास.’ ‘मी होतो.’ ‘तू होतास.’ दहा मिनिटं. आधी हसू, मग कंटाळा, मग चीड, आणि मग कधी तरी दोघंही समोरच्याचं ऐकायला लागतात, कारण दुसरं काही करायला उरतच नाही. मग सरांनी मुलाला बाजूला नेऊन सांगितलं, रोज उत्तर बदल. शब्द तेच, पण आज घाबरून सांग, उद्या बेफिकिरीने, परवा अर्धवट. काकांना कळू द्यायचं नाही.

परिणाम बरा. रोज काकांना खरंच ऐकावं लागतंय.

पाठांतराचं एक: काका वाक्यं चालीवर पाठ करतात, तिकिटाचे दर म्हणावेत तशी. चाल मोडायला मी त्यांना दोऱ्याला गाठी मारत वाक्यं म्हणायला लावते. गाठ चुकली की वाक्य पहिल्यापासून.

८ जून

नेपथ्य, कपडे. नाट्यशास्त्रात भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (आतल्या भावाचा). आपल्याकडे आहार्य म्हणजे शेवटच्या आठवड्यात कपडेपट उघडणे. यावेळी काकांनी चप्पल पहिल्या महिन्यातच मागून घेतली होती, दिवेवाल्याच्या आजोबांची. अंगठा तुटायला आलेली, त्यामुळे पाय घासत चालावं लागतं. म्हातारं चालायचं नाटक त्यांना करावंच लागलं नाही.

सात्त्विकांत स्वेद, म्हणजे घामही येतो. तो जूनपर्यंत सोलापूरने फुकट पुरवला. अश्रूही त्याच यादीत आहेत, पण त्यांचं नाव आता कुणी काढत नाही.

२० जून

हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात रंगीत तालीम. शाळेच्या हॉलमध्ये जे पुरायचं ते इथे तिसऱ्या रांगेत विरतं. नरसय्याचा मोठा आवाज आता वरदान ठरला, शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि तरी खोटा वाटत नाही. सुनेचं मात्र ऐकू येईना. मान खाली, तोंड सुपात. सरांनी सूप मांडीवरून उचलून पाटावर ठेवायला लावलं, हनुवटी चार बोटं वर आली. काम भागलं.

धोट्याचा प्रश्न: शेवटी तो नरसय्याच्या हाती कुठून येतो? सुनेने भंगारवाल्यापासून लपवून तांदळाच्या डब्यात ठेवला होता, हे लेखकाने पंधरा मिनिटांत जुळवलं. संहितेत नवीन शब्द एकही नाही, फक्त डबा उघडतो.

२२ जून

प्रयोग झाला. नाट्यगृह अर्ध्याहून जास्त भरलेलं.

तिसरी घंटा झाली, मी डाव्या विंगेत, टॉर्चवर पिवळा कागद. पहिली दहा मिनिटं मुलगा घाईत, सून संथ, नेहमीचंच. मग तो प्रवेश.

‘‘विकलेस?’’

मुलाने ‘हो’ म्हटलं. घसा बसला होता की घाबरला होता कोण जाणे, मला विंगेत जेमतेम ऐकू आलं. आणि काका थांबले. तालमीत मी चार मोजायची. चार झाले. आठ झाले. प्रेक्षकांत कुणी तरी खोकलं. मी ओळीवर बोट ठेवलं, तोंड उघडलं, मिटलं. सर पलीकडच्या विंगेत, त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नाही.

काका मुलाच्या ओठांकडे बघत होते. मान थोडी पुढे, भुवया वर. शेडमध्ये बघतात तसं.

मुलाला पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्याने, संबंध नाट्यगृहाला ऐकू जाईल असं, ‘‘विकले, नायना. विकले!’’ आणि म्हणताना त्याचा आवाज फाटला.

मग काट्याचं, मग बरं केलंस. पुढे तांदळाचा डबा, धोटा. काकांनी तो हातात घेतला, फिरवला आणि सवयीने भोक ओठांशी नेलं. धागा नव्हता. सुर्र तेवढं झालं.

२३ जून

सकाळी काकांना फोन केला. काल विसरला होतात की काय? म्हणाले, ‘‘अगं, त्याचं ऐकूच नाही आलं मला.’’ नरसय्याला नाही आलं की तुम्हाला? काका म्हणाले, ‘‘काय?’’

सरांना ते दोनदा विचारणं कायमचं ठेवायचंय. मुलगा म्हणतो नको, ठरवलं तर मी दुसऱ्यांदा तसं म्हणूच शकणार नाही. लेखक म्हणतो संहितेत लिहा, त्याच्या मते आता ते त्याचंच वाक्य आहे. पान २१ वर मी अजून काही लिहिलेलं नाही, पेन्सिलीने एक बारीक रेघ तेवढी मारून ठेवलीय.

पुढच्या प्रयोगाआधी: दोऱ्याच्या दोन गुंड्या. बुंदी पाव किलो, ताजी, कालची चिकट झाली होती. तांदळाच्या डब्याचं झाकण करकरतं, तेल. दिवेवाल्याला सुनेच्या पाटावर थोडा जास्त उजेड सांगणे. काकांच्या चपलेचा अंगठा शेवटच्या प्रवेशात तुटला, शिवून आणणे. नवी चप्पल ते घेणार नाहीत, विचारून झालंय.